एक बकेट, एक ओगराळं

हे लिहायचंच नाही, असं अमृतनं ठरवलं होतं. तीनदा मोबाईलवर टाईप केलं आणि तीनदा खोडलं. एक तर ह्यात त्याची इज्जत फार काही उरत नाही. दुसरं म्हणजे नक्की काय झालं, ते त्याला स्वतःलाच अजून नीट कळलेलं नाही. पण त्याच्या गावात, चुडाव्यात, आता ही गोष्ट चार जण चार तऱ्हांनी सांगायलेत. एकाच्या गोष्टीत अमृतनं अर्धा मानवत तालुका उपाशी उठवला. दुसऱ्याच्या गोष्टीत त्यानं अध्यक्षांच्या डोक्यावर वरण सांडलं.

वरण सांडलं नव्हतं. सांडलं असतं तर बरं झालं असतं, निदान बकेटीच्या बाहेर तरी आलं असतं.

तर झालं असं. मानवतच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला शिकवणारे सर सत्राच्या मध्यातच पुण्याला निघून गेले. मागं एक विषय लोंबकळत राहिला, कॉन्करंट प्रोग्रामिंग. म्हणजे एकाच प्रोग्राममधली चार कामं एकाच वेळी चालवायची आणि त्यांनी एकमेकांच्या पायात पाय घालू नये, ह्याची काळजी घ्यायची. हा विषय शिकवायला कुणी मिळेना. तेव्हा तिथला लॅब असिस्टंट हरिओम प्राचार्यांना म्हणाला, माझा एक दोस्त आहे, त्याला येतं.

दोस्त म्हणजे अमृत. त्याची डिग्री इतिहासाची. कॉम्प्युटर तो मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेला, तेही दीडपट स्पीडनं, कारण डेटा संपायच्या आत धडा संपवावा लागायचा. प्राचार्यांनी डिग्री उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, शनिवारी संस्थेचे अध्यक्ष व्यंकटराव स्वतः तुमच्या वर्गावर बसतील. पोरांना विषय समजलेला दिसला तर सत्र संपेपर्यंत तुम्ही. नाही दिसला तर तुम्ही नाही, आणि हरिओमची कायम व्हायची फाईल अध्यक्षांच्याच टेबलावर आहे, हेही ध्यानात ठेवा.

हरिओमनं चार वर्षं त्या फाईलची वाट बघितली होती. अमृतनं त्याच्याकडं बघितलं. हरिओम हसला. पण ते हसू जरा कोरडंच होतं.

मंगळवारी पहिला तास. अमृतनं झोकात सुरुवात केली. फळ्यावर प्रोग्राम लिहिला: दोन थ्रेड, म्हणजे दोन कामकरी, आणि दोघांमध्ये एकच आकडा. प्रत्येकानं त्या आकड्यात एक लाख वेळा एक मिळवायचा. उत्तर किती यावं? वर्ग म्हणाला, दोन लाख. कॉम्प्युटर म्हणाला, एक लाख त्रेचाळीस हजार आणि वर काहीतरी. पुन्हा चालवला, एक लाख एकसष्ट हजार. तिसऱ्यांदा तिसरंच.

हे असंच व्हायला पाहिजे होतं. तोच तर धडा होता. दोघं कामकरी एकाच वेळी आकडा वाचतात, आपापला मिळवतात आणि एकमेकांचं लिहिलेलं पुसतात. अमृतला हे डोक्यात अगदी लख्ख दिसत होतं. फक्त तोंडातून बाहेर पडताना त्याची भेळ झाली. तो म्हणाला, ह्यानं त्याचं वाचलं, त्यानं ह्याच्या आधीचं लिहिलं, म्हणजे लिहिलं ते वाचायच्या आधीचं होतं. मागच्या बाकावरच्या महारुद्रनं हात वर केला आणि म्हणाला, सर, व्होल्टेज कमी असेल. त्यावर वर्गात दोन तट पडले. एकाचं म्हणणं व्होल्टेज, दुसऱ्याचं म्हणणं व्हायरस. हरिओमला बोलावून स्टॅबिलायझर बदलला. उत्तर पुन्हा वेगळंच. नेमके तेव्हाच प्राचार्य व्हरांड्यातून चालले होते. त्यांच्या कानावर एवढंच पडलं, की नवीन सर आल्यापासून कॉम्प्युटरची बेरीज चुकायलीय.

संध्याकाळी पॅसेंजरनं अमृत चुडाव्याला उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच शेजारच्या धोंडीबाकाकांनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं. धोंडीबाकाकांनी पंचक्रोशीतल्या लग्नांत चाळीस वर्षं पंगती वाढल्यात. शिकवायचं काय आहे, असं त्यांनी विचारलं. अमृतनं सांगितलं, चार जणांनी एकदम काम करायचं, सामान एकच, भांडण नको, कुणी ताटकळायला नको आणि काम वेळेत व्हायला पाहिजे.

काका म्हणाले, "मंग पंगतच की. एवढं सोपं हाय आन तू तोंड पाडून कामून बसलास?"

मग काकांनी अर्धा तास पंगत समजावून सांगितली. वरणाची बकेट एकाकडं आन ओगराळं दुसऱ्याकडं दिलं, तर दोघं जोडीनं हालले पाहिजेत, न्हाई तर पंगत बसली तशीच बसते. सगळ्यांना वाढून झाल्याबिगर कुणी घास उचलायचा न्हाई. दोघा वाढप्यांनी एकाच पानावर दोनदा बुंदी टाकायची न्हाई आन एखादं पान कोरडं सोडायचं न्हाई. अमृत ऐकत होता आणि त्याच्या डोक्यात पुस्तकातलं पान न् पान उलगडत होतं. दीडपट स्पीडच्या त्या इंग्रजी व्हिडिओवाल्याला जे चाळीस भागांत जमलं नव्हतं, ते काकांनी एका तंबाखूच्या चिमटीत सांगितलं होतं. काकांच्या घरच्या पार्वतीबाईंनी आतून सल्ला दिला, वरणात गूळ टाकायला सांग. तो सल्ला मात्र अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

अमृतनं ठरवलं, शनिवारी वर्गातच छोटीशी पंगत. दहा पोरं बसतील, चार वाढतील. भात नाही, वरण नाही, नुसते मुरमुरे आणि पाणी. एक बकेट, एक ओगराळं. अध्यक्ष बघतील, पोरांना समजेल, हरिओमची फाईल हालेल. अर्ध्या तासाचं काम.

बुधवारी तो परवानगी घ्यायला ऑफिसात गेला. तिथं आदिनाथभाऊ बसतात, मुख्य लिपिक. त्यांनी सांगितलं, लॅबमध्ये खायचं आणायचं तर अर्ज लागतो. अर्ज दिला. अर्जावर प्राचार्यांची सही आणा. प्राचार्य म्हणाले, आवक नंबर पडल्याशिवाय मी सही करत नसतो. आदिनाथभाऊ म्हणाले, सही असल्याशिवाय मी नंबर टाकत नसतो. अमृत तळमजला आणि पहिला मजला असा सात वेळा गेला-आला. सातव्यांदा जिन्यात दीपिका भेटली. ती वर्गातली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी. तिनं विचारलं, सर, काय करायलाव? त्यानं सगळं सांगितलं. ती विचार करत करत वर निघून गेली. ती कशाचा विचार करत होती, हे अमृतला तेव्हा कळलं नाही. आपण शनिवारी जे शिकवणार आहोत, तेच आपल्यावर बुधवारी चालू आहे, हेसुद्धा त्याला कळलं नाही. त्याला फक्त गुडघे कळत होते.

शेवटी हरिओमनं मार्ग काढला. अर्जाचा नाद सोडायचा आणि त्यापेक्षा छापील नमुनाच भरायचा, कारण नमुन्यावर नंबर आधीच छापलेला असतो. पण कॉलेजात खाण्यापिण्याचा नमुना एकच होता, स्नेहसंमेलनाच्या जेवणाचा. त्यात 'प्रमुख पाहुणे' असा रकाना होता आणि रकाना रिकामा ठेवलेला आदिनाथभाऊंना चालत नाही. हरिओमनं अध्यक्षांचं नाव लिहिलं. येणारच होते ना ते. नमुन्याची एक प्रत, नियमाप्रमाणे, प्रमुख पाहुण्यांना जाते. ती गेली.

गुरुवारी सकाळी अध्यक्षांचा माणूस टेम्पो घेऊन आला. टेम्पोत तांदळाचे दोन कट्टे, तुरीच्या डाळीचा एक, शिवाय बुंदीचं पातेलं आणि पत्रावळ्यांचे गठ्ठे. सोबत निरोप: पोरांनी आपल्यासाठी पंगत ठेवली, लय बरं वाटलं, पण मुरमुऱ्यावर कसं भागवायचं? पंगत मैदानावर घ्या, मी आमच्या गल्लीतल्या मंडळींनाही सांगितलंय. पुढं ड्रायव्हरशेजारी कासाबाई बसलेल्या होत्या. मानवतच्या अर्ध्या लग्नांतला स्वयंपाक त्यांच्या हातचा. त्यांनी उतरल्या उतरल्या विचारलं, चुलीला जागा कुठं?

हरिओम अमृतला बाजूला घेऊन म्हणाला, आत्ताच्या आत्ता प्राचार्यांकडं जा आणि सगळं खरं सांग. अमृत म्हणाला, नमुना तू भरलास, तू सांग. हरिओम म्हणाला, पंगतीचं खूळ तुझं. अमृत म्हणाला, नोकरीचं खूळ तुझं, मी काही अर्ज केला नव्हता. हे वाक्य त्यानं म्हणायला नको होतं. तोंडातून बाहेर पडता पडताच ते त्याला कळलं होतं. हरिओमनं लॅबच्या कपाटाची किल्ली खिशात टाकली आणि तो निघून गेला.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. अमृतनं ठरवलं, तो बोलला की मी बोलतो. इकडं हरिओमनंही तेच ठरवलं होतं. हे नंतर कळलं.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. प्रयोगासाठी म्हणून अमृतनं बुधवारीच कॉलेजातल्या सगळ्या वाढायच्या बकेटी आणि ओगराळी लॅबच्या कपाटात कुलूप लावून ठेवली होती. बाहेर फक्त एक बकेट, एक ओगराळं. तेव्हा पंगत दहा जणांची होती. पंगत वाढत गेली, कपाट तसंच राहिलं. कासाबाईंनी विचारलंही, एका ओगराळ्यावर मैदान वाढायचं का बाबा? किल्ली हरिओमकडं होती. हरिओमला मागायची म्हणजे आधी बोलावं लागलं असतं. अमृत म्हणाला, "मावशी, तोच तर प्रयोग हाय." कासाबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू आयुष्यात त्यांनी बरेच नवरदेव बघितलेत पण असा नाही.

शनिवारी अकरा वाजता लोक यायला लागले. मैदानाला दोन फाटकं, समोरचं आणि मागचं. समोर दीपिका, मागं महारुद्र. मधे व्हरांड्यात एक फळा. अमृतनं दोघांना सांगून ठेवलं होतं, फळ्यावरचा आकडा बघायचा, आपल्या फाटकातून आलेली माणसं त्यात मिळवायची आणि नवा आकडा लिहायचा. फळ्यावर बघून कासाबाई तांदूळ टाकतील.

फळ्यावर चाळीस होते. दीपिकानं चाळीस वाचलं आणि ती फाटकाकडं गेली. महारुद्रनंही चाळीसच वाचलं आणि तो मागच्या फाटकाकडं गेला. दीपिकाकडून बारा माणसं आली. तिनं परत येऊन बावन्न लिहिलं. महारुद्रकडून नऊ आली. त्यानं येऊन बावन्न पुसलं आणि एकोणपन्नास लिहिलं, कारण चाळीस आणि नऊ एकोणपन्नासच होतात, त्यात त्याची काही चूक नाही. दीपिकाची बारा माणसं डोळ्यांदेखत फळ्यावरून गायब झाली. मैदानावर मात्र ती मांडी घालून बसलेली होती.

असं दीड तास चाललं. शेवटी फळ्यावर चौऱ्याण्णव. मैदानावर किती, ते कुणालाच माहीत नाही. नंतर बुटांच्या जोड्या मोजल्या तर माणसं एकशे त्रेपन्न निघाली, पण त्यातले दोघं कुणाच्याच ओळखीचे नव्हते.

अमृतला हे दिसलं तेव्हा त्याला अर्धं मिनिट लय आनंद झाला. मंगळवारचा प्रोग्राम जसाच्या तसा जिवंत होऊन समोर उभा होता. कुठल्याही पुस्तकात इतकं चांगलं उदाहरण नव्हतं. मग त्याची नजर भाताच्या पातेल्याकडं गेली आणि आनंद संपला.

पोरांनी भात वाढला. मूठभर भाताची अर्धी मूठ केली, तेव्हा कुठं पुरला. पत्रावळ्या मात्र नाही पुरल्या. शेवटी एकच उरली आणि बसायचे राहिलेले दोघं: प्राचार्य आणि आदिनाथभाऊ. दोघं एकाच पत्रावळीवर समोरासमोर बसले. प्राचार्य म्हणाले, वरण पडलं की आधी तुम्ही सुरू करा. आदिनाथभाऊ म्हणाले, साहेब, तुमच्या आधी कसं? तिथंही ते तसंच राहिलं.

आता वरण. अध्यक्ष व्यंकटराव पहिल्या पानावर बसलेले, पांढरे शुभ्र कपडे, गुडघ्यावर उपरणं. त्यांनी फर्मान काढलं, आज पोरांनी नाही, मास्तर लोकांनी वाढायचं. कासाबाईंनी जवळ दिसला त्या हरिओमच्या हातात वरणाची बकेट दिली. अमृतच्या हातात ओगराळं होतंच, ते त्यानं सकाळपासून सोडलं नव्हतं. बकेट पंगतीच्या खालच्या टोकाला, ओगराळं वरच्या टोकाला अध्यक्षांपाशी. अमृतचं म्हणणं, मान अध्यक्षांचा, बकेटीनं इकडं यावं. हरिओमचं म्हणणं, खालची पोरं सगळ्यात आधीपासून बसलीत, ओगराळ्यानं तिकडं यावं. हे म्हणणं दोघांनीही मनातल्या मनात ठेवलं. तोंडानं कुणी बोललं नाही.

पंगत बसली तशी बसली. कोरडा भात पानात. दस्तुरापुढं कुणाचं चालणार, सगळ्यांना वरण पडल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. अध्यक्ष पंगतीसाठी थांबलेले, पंगत अध्यक्षांसाठी. एकशे त्रेपन्न माणसं भाताकडं बघत बसलेली. ऊन डोक्यावर तापायला लागलं. कुणाचं तरी पोर रडलं, त्याच्या आईनं त्याला हळूच बुंदीचा एक दाणा दिला आणि पूर्ण ओळीनं तिच्याकडं बघितलं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. व्यंकटराव प्राचार्यांकडं वळून म्हणाले, हे काय चाललंय? प्राचार्यांनी अमृतकडं बघितलं. अमृतनं आकाशाकडं बघितलं. त्याला वाटलं, गेली नोकरी. मग वाटलं, नोकरी गेली तर गेली, पण तिच्यामागं हरिओमची फाईलही गेली. खालच्या टोकाला हरिओम बकेट घेऊन उभा होता, बोटं लाल झालेली, आणि तो इकडं बघत नव्हता.

तेव्हा ओळीतून दीपिका उठली. ती मैदानाच्या मधे आली आणि ओढणी नीट करून म्हणाली, "साहेब, आमाला जे शिकवायलेत ना, ते हेच हाय."

अध्यक्ष म्हणाले, म्हणजे काय?

तिनं सांगितलं. सरांकडं ओगराळं हाय, त्यांना बकेट पायजे. हरिओमसरांकडं बकेट हाय, त्यांना ओगराळं पायजे. दोघंबी आपलं सोडायलेत न्हाई आन समोरच्याची वाट बघायलेत. ह्याला डेडलॉक म्हणतात. कॉम्प्युटर ह्याच्यातच लटकतो. बुधवारी सही आन नंबराचं असंच झालं होतं, आन आत्ता तिथं एका पत्रावळीवरबी तेच चालू हाय. प्राचार्य आणि आदिनाथभाऊंनी एकदमच हात मागं घेतले. मग तिनं फळ्याकडं बोट दाखवून आपली बारा माणसं कशी गायब झाली, तेही सांगितलं. महारुद्र ओळीतूनच म्हणाला, व्होल्टेजचा काही संबंध नव्हता, साहेब, ते मी मागं घेतो. वर्गातली पोरं माना हलवायला लागली. अमृतनं मंगळवारी केलेल्या भेळेतला एकेक दाणा तिनं निवडून समोर ठेवला होता.

व्यंकटरावांचा कापसाचा व्यापार. असल्या अडकलेल्या गोष्टी त्यांना चांगल्या कळतात. त्यांनी विचारलं, "मंग ह्याच्यावर विलाज काय?"

दीपिका म्हणाली, "कुणीतरी एकानं पुढं व्हायचं."

अमृतच्या छातीत काहीतरी हाललं. त्यानं ठरवलं, खड्ड्यात गेला मान, मीच जातो. तो ओगराळं घेऊन पंगतीच्या मागून, लोकांच्या पाठी चुकवत, खालच्या टोकाकडं निघाला. पण नेमकं तेव्हाच हरिओमच्या छातीतही काहीतरी हाललं असणार. तो बकेट उचलून पंगतीच्या दुसऱ्या अंगानं, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, वरच्या टोकाकडं निघाला. मधे कासाबाईंच्या चुलीसाठी घातलेला मांडव होता. दोघांनी एकमेकांना बघितलं नाही. अमृत खालच्या टोकाला पोचला, तिथं बकेट नाही. हरिओम वरच्या टोकाला पोचला, तिथं ओगराळं नाही.

व्यंकटराव म्हणाले, "आता?"

दीपिका म्हणाली, "एकानंच, साहेब. दोघं गेले की पुन्हा तेच."

तोवर कासाबाईंचा सबर संपला होता. त्या चुलीपासून उठल्या, वर जाऊन हरिओमच्या हातातली बकेट घेतली आणि खाली येऊन अमृतच्या हातातलं ओगराळं घेतलं. "दोन मास्तर, एक बकेट, आन लेकरं उपाशी," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी एकटीनं पंगत वाढली, एकही पान न चुकता. अमृत आणि हरिओम दोघं टाकीपाशी शेजारी शेजारी हात मोकळे सोडून उभे राहिले. हातात काही नसलं की माणसाला उभं कसं राहावं ते सुचत नाही.

जेवण झाल्यावर व्यंकटरावांनी उपरण्याला हात पुसले आणि प्राचार्यांना सांगितलं, त्या पोरीला सगळं समजलंय. पोरीला समजलं, म्हणजे मास्तर बरा असणार. मास्तरला स्वतःला काय समजलं, ते त्याचं तो बघील. हरिओमची फाईल सोमवारी काढा. आणि आदिनाथभाऊंना त्यांनी पंगतीसाठी वेगळा नमुना छापायला सांगितलं. तो नमुना मंजुरीसाठी अजून वर-खाली चालू आहे.

दुपारी हरिओमनं अमृतला गाडीवरून मानवत रोड स्टेशनला सोडलं. अर्धा रस्ता मागं पडला. मग अमृत मागून म्हणाला, ते नोकरीचं वाक्य मी बोलायला नको होतं. हरिओम म्हणाला, नमुना मी नीट वाचून भरायला पाहिजे होता. मग दोघं एकदमच बोलायला लागले, एकदमच थांबले आणि पुन्हा एकदमच सुरू झाले. हरिओमनं गाडीच बाजूला घेतली.

अमृत म्हणाला, "ह्याच्यापुढं भांडण झालं तर पहिला फोन मी करीन."

हरिओमनं विचार केला. "आन त्याच टायमाला मीबी केला तर? दोघांचाबी बिझी लागंल. दोघंबी समजतील, हा मुद्दाम उचलंना."

अमृतला हे सुचलंच नव्हतं. सबंध आठवडा हा विषय शिकवून सुचलं नव्हतं. स्टेशनवर पॅसेंजर येऊन उभी राहिली तरी तो त्याचाच विचार करत होता. मग डब्याच्या दारात उभं राहून त्यानं हरिओमला शब्द दिला. भांडण तुझ्यामुळं होवो नाही तर माझ्यामुळं, फोन मीच करणार. कायम मीच. तू करायचा नाही.

"मंग मी काय करू?"

"तू नुसता उचल."